दार बंद होण्याआधी

(दृश्य: वडोदऱ्यातली मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहत, शिफ्ट बदलताना)
या कारखान्याचे प्लांट हेड दांडिया बाजारातल्या मराठी घरातले. मशीन त्यांना पाठ आहे. पण हाताखाली चार विभागप्रमुख असूनही प्रत्येक फाइल त्यांच्याच टेबलावर येते. म्हणून कंपनीने त्यांना कोच दिला आहे: सल्ला न देता, प्रश्न विचारून कामाची पद्धत बदलायला मदत करणारा माणूस.

(दृश्य: अलकापुरीतलं ऑफिस, तिघे, एक कागद)
कोच, प्लांट हेड आणि त्यांचे वरिष्ठ. सत्रं अजून सुरू व्हायची आहेत, पण पुढचं सगळं या बैठकीवर उभं राहणार. कागदावर आधी होतं ‘नेतृत्व सुधारणे’. कोचनी ते खोडायला लावलं. ते झालं की नाही, कोण ठरवणार? आता लिहिलंय: ‘₹५०,०००पर्यंतची खरेदी विभागप्रमुख स्वतः मंजूर करतील.’

खालची ओळ कॅमेऱ्याने जवळून टिपली आहे: खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही. कंपनीला कळेल ते एवढंच, की सत्रं झाली का आणि उद्दिष्टं कुठवर आली. काम सुरू होण्याआधीच गोपनीयतेबद्दल सर्वांशी ठरवून घ्या, असं इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या जागतिक संस्थेची आचारसंहिताही सांगते. हे ठरलं नाही तर माणूस साहेबांना रुचेल तेवढंच बोलतो.

(दृश्य: वहीतले अभिप्राय, नावं नाहीत)
मग कोच सहा-आठ सहकाऱ्यांना भेटतात. हाताखालच्यांचं म्हणणं एकत्र करूनच देतात, नाहीतर कोण बोललं ते लगेच ओळखू येतं.

(दृश्य: सत्र)
६० ते ९० मिनिटं, दर दोन-तीन आठवड्यांनी, साधारण सहा महिने.

“गेल्या आठवड्यात कुठला निर्णय तुम्ही परत स्वतःकडे ओढून घेतलात?”

ही शांतता आम्ही कापलेली नाही. ज्या कोचने स्वतः कारखाना चालवलाय त्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण उत्तर त्याच्या जिभेवर असतं. ते दिलं की प्लांट हेडना आणखी एक साहेब मिळतो, बाकी काही नाही.

उठण्याआधी एक काम ठरतं. ‘टीमशी बोलेन’ चालत नाही. ‘गुरुवारच्या मीटिंगमध्ये ब्रेकडाउनचा विषय निघाला की आधी मेंटेनन्सवाल्यांना बोलू देईन’, हे चालतं.

(दृश्य: गुरुवारची मीटिंग, कोच कोपऱ्यात)
कोच इथे एक शब्दही बोलत नाहीत. कोण किती वेळा बोललं, कुणाला मध्येच तोडलं, याच्या रेघा मारतात. तो कागद फक्त प्लांट हेडना दाखवतात.

कधी कधी एखाद्याला नोकरीवरून काढायचं आधीच ठरलेलं असतं आणि कोचिंग नावापुरतं लावलेलं असतं. असं काम कोचने त्या पहिल्या बैठकीतच नाकारायला हवं.

(दृश्य: खरेदी विभाग)
चौथ्या महिन्यापासून खरेदीच्या सह्या इथेच होतात.