पोच

(पोलीस ठाण्याचं दार. आत लाकडी टेबल, त्यावर जाडजूड नोंदवही.)

"अर्ज ठेवून जा. साहेब आले की बघतो."

ठाण्याची पायरी चढलेल्या कितीतरी माणसांनी हे वाक्य ऐकलंय. माणूस अर्ज ठेवतो, हात जोडतो, घरी जातो. महिन्याभराने चौकशीला येतो, तेव्हा टेबलामागे दुसराच कोणीतरी असतो आणि अर्ज कुठेच सापडत नाही. तक्रार खुद्द पोलिसाविरुद्ध असेल, तर तो सापडण्याची आशा आणखी कमी.

म्हणून सुरुवात एका शिक्क्यापासून करू या. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. हीच पोच. ती द्यायला नकार मिळाला, तर तिथे वाद घालत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

"पोलिसांनी मला त्रास दिला" एवढंच लिहून भागत नाही. कोणता दिवस, किती वाजता, कुठल्या खोलीत, तिथे आणखी कोण होतं, हे सगळं लिहायचं. गणवेशावरच्या पट्टीवरचं नाव, बक्कल नंबर आठवत असेल तर तोही. वेळेला तर फार महत्त्व आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला, आणि चित्रण १८ महिने साठवता येईल अशी यंत्रणा असावी असं सांगितलं. तेव्हा त्या दिवसाचं, त्या तासाचं चित्रण जपून ठेवा, ही मागणी पहिल्याच अर्जात करा. उशीर झाला की हा पुरावा हातचा जातो.

(न्यायालयाचा व्हरांडा. दोन शिपायांमध्ये उभा असलेला तरुण, पाठमोरा.)

अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. तिथे त्याला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न दोन-तीन सेकंदांत संपतो. ज्यांनी रात्री मारलं ते हाताच्या अंतरावर उभे असतात, आणि पोलीस कोठडी मिळाली तर पुन्हा त्यांच्याचबरोबर परतायचं असतं. पोरगं मान हलवतं. "तक्रार नाही" अशी नोंद होते, आणि पुढे कितीही वर्षं ती नोंद त्याच्याच विरोधात वाचली जाते. घरच्यांनी आणि वकिलांनी त्याला एवढं आधी सांगून ठेवायलाच हवं: मार बसला असेल तर इथेच, याच क्षणी बोल. अंगावरचे वळ दाखव, वैद्यकीय तपासणी माग.

अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करा, हे नियम एका पत्रातून आले. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच याचिका मानलं. निकाल १८ डिसेंबर १९९६ ला लागला. एका पत्राला दहा वर्षं लागली, पण आज कोठडीत असलेल्या प्रत्येकाला त्या पत्राचा आधार आहे.

आता ठाण्याने गुन्हाच नोंदवला नाही तर? दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही गुन्हा अदखलपात्र ठरवून त्याची नुसती नोंद, म्हणजे 'एनसी', हातावर ठेवली जाते. अशा वेळी लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची. शहरात असाल तर आयुक्तालयाकडे. तिथेही काही हललं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, हाच क्रम आहे. आणि दंडाधिकारी पहिल्यांदा काय बघणार? तुम्ही ठाण्यात गेला होता का, अधीक्षकांना लिहिलं होतं का. म्हणजे पुन्हा पोच.

(मुंबईतल्या सरकारी इमारतीचा जिना.)

पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची, यात न्याय कसा मिळणार? हा प्रश्न न्यायालयात नेला तोही एका पोलिसानेच. उत्तर प्रदेशाचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ही तरतूद यायला २०१४ उजाडलं. हा उशीर मला आजही खटकतो, कारण मधल्या आठ वर्षांत कोठड्या रिकाम्या नव्हत्या.

आज राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम डावलून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं, अशा तक्रारी तिथे जातात. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी: प्राधिकरण स्वतः कुणाला शिक्षा करत नाही, त्याचा अहवाल शासनाकडे जातो. तो तिथे पडून राहिला, तर माहिती अधिकारात विचारा, आणि तरीही काही झालं नाही तर उच्च न्यायालयाचं दार आहे.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही. मात्र घटनेला एक वर्ष उलटायच्या आत ती करावी लागते. पोलिसाने लाच मागितली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पैसे देण्याआधी फोन करा.

(जिल्हा न्यायालयाचं आवार. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई.)

वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीत असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००. तिथला वकील सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि मग कागद मागेल. बाई पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली अर्जाची प्रत काढते. कोपऱ्यात निळा शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे.