सणाच्या गोंगाटात त्यांची एक खोली

घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली की कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो. त्याला ओढून बाहेर काढू नका. लपल्यानेच त्याला धीर येतो.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतात. कुत्र्याला जवळपास 45,000 पर्यंतचे, मांजरीला तर 60,000 च्याही पुढचे. आपल्याला न जाणवणारे आवाजही त्यांच्या कानी पडतात.

म्हणून सणाच्या आठवडाभर आधी आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची एक खोली ठरवा. तिथे त्याचं रोजचं अंथरूण, पाणी आणि तुमचा न धुतलेला एखादा कपडा ठेवा. रोजचं एक खाणं तिथेच द्या. हा सराव महत्त्वाचा, कारण ऐन वेळी अनोळखी खोलीत कोंडलेला कुत्रा दार ओरबाडून नखं मोडून घेतो. मांजरीला आडवं ठेवलेलं खोकं आणि एखादी उंच जागा हवी. लिटरचा ट्रे, म्हणजे तिची शी-शूची जागा, खाण्यापासून लांब ठेवा.

फटाके वाजणार असतील तर अंधार पडायच्या आत कुत्र्याला फिरवून आणा. घाबरलेला कुत्रा मान मागे घेऊन गळपट्ट्यातून निसटतो, तेव्हा छातीचा हार्नेस बरा. तो थरथरत जवळ आला तर खुशाल कुरवाळा; त्याने भीती वाढत नाही. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका. काही औषधांनी शरीर सुस्तावतं, भीती तशीच राहते. औषध पशुवैद्यांकडूनच घ्या, आणि ते कसं लागू पडतं हे आधी एखाद्या शांत दिवशी पाहा.

सजावटीत सर्वात घातक रिबन आणि चमकीचे दोरे. मांजर ते गिळते, एक टोक जिभेखाली अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं त्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढू नका, तडक दवाखाना गाठा. लिलीची फुलं मांजरीच्या घरात नकोतच. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पाहुण्यांना आल्या आल्या सांगा: चॉकलेट, मनुका, कांदा, शिजवलेली हाडं, झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं) च्युइंगगम, यातलं काही भरवायचं नाही. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासातही कोसळू शकते. चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. खाल्लेल्या पदार्थाचं वेष्टन सोबत घ्या. किती खाल्लं, किती वाजता आणि प्राण्याचं वजन किती, हे पशुवैद्यांना फोनवरच सांगत निघा.