पॅराथायरॉइड हार्मोनची रक्ततपासणी कशी वाचावी

[दृश्य: म्हापसा, सकाळी पावणेआठ. रक्ततपासणी केंद्राचे बाक. एका प्रौढ बाईंच्या दंडाला रबरी पट्टा बांधला जात आहे.]

म्हापशाच्या बाजारात मासळीच्या पाट्या उतरत असतात, त्याच वेळी या रक्ततपासणी केंद्राच्या बाकावर उपाशीपोटी आलेली माणसे आपल्या नावाची वाट पाहत बसलेली असतात. त्यांतल्या एका बाईंच्या हातातील चिठ्ठीवर डॉक्टरांनी कॅल्शियम आणि त्याखाली इन्टॅक्ट पीटीएच, म्हणजे अखंड स्वरूपातले पॅराथायरॉइड हार्मोन, अशा दोन तपासण्या लिहिल्या आहेत. सुई एकदाच टोचली जाते, परंतु रक्त दोन नळ्यांत भरले जाते. एकीचे झाकण जांभळे आहे, दुसरीचे पिवळे. संध्याकाळी या दोन नळ्यांतून दोन आकडे कागदावर उतरतील, आणि त्यांपैकी कोणताही एक आकडा एकटा वाचला, तर त्यातून निघणारा अर्थ चुकण्याची शक्यता फार मोठी आहे. या बाईंना आणि अशी चिठ्ठी हाती आलेल्या सर्वांना या दोन आकड्यांचे नाते समजावे, यासाठी हे निवेदन आहे.

[दृश्य: गळ्याचे रेखाचित्र. थायरॉइडच्या पाठीमागे चार ठिपके उमटतात.]

पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन. गळ्याच्या पुढच्या बाजूला जी थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी असते, तिच्या पाठीमागे साधारणतः चार लहान ग्रंथी असतात. प्रत्येकीचा आकार मसुराच्या दाण्याएवढा असतो आणि मराठीत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. नावात थायरॉइड हा शब्द असल्यामुळे ही थायरॉइडचीच तपासणी आहे असा समज पुष्कळांचा होतो, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची तपासणी, नॉर्मल आले म्हणजे पीटीएचही ठीक असणार असे मानून कागद बाजूला ठेवला जातो. या दोन ग्रंथी शेजारी असल्या तरी त्यांचे काम सर्वस्वी वेगळे आहे. परावटू ग्रंथींना रक्तातील कॅल्शियम सांभाळायचे असते.

हे काम फार नाजूक आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठवलेले असते. उरलेल्यातला रक्तात फिरणारा अंश अगदी थोडा असला, तरी स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके त्यावर अवलंबून असतात. हा अंश किंचित घसरला की परावटू ग्रंथींना ते काही क्षणांत कळते आणि त्या अधिक हार्मोन सोडतात. ते हार्मोन हाडांतून कॅल्शियम बाहेर काढते, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखून ठेवायला आणि फॉस्फेट बाहेर टाकायला लावते, आणि मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार करवून आतड्यातून अन्नातले कॅल्शियम अधिक शोषले जाईल अशी सोय करते. कॅल्शियम पुरेसे झाले की ग्रंथी हात आखडता घेतात. निरोगी माणसात म्हणूनच कॅल्शियम खाली गेले की पीटीएच वर जाते, आणि कॅल्शियम वर गेले की पीटीएच खाली येते. ही चाल लक्षात राहिली, तर रिपोर्टवरच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप उलगडतात.

[दृश्य: गेंड्याचे जुने चित्र. त्यानंतर व्हिएन्नातील ट्रामचे कृष्णधवल छायाचित्र.]

या ग्रंथींचा शोध तसा उशिराच लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेला एक लहान पिवळसर गोळा दिसला. गोव्याच्या प्रेक्षकांना येथे १५१५ साली गोव्याहून लिस्बनला जहाजाने पाठवलेला तो प्रसिद्ध गेंडा आठवेल. ओवेन यांचा गेंडा त्याच जातीचा होता. माणसातील या ग्रंथींचे वर्णन इव्हार सॅन्डस्ट्रॉम या स्वीडिश वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले.

पुढची हकिकत मात्र या तपासणीचे मोल सांगणारी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. १९२० च्या दशकात व्हिएन्नातील एका ट्राम कंडक्टरची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की त्याला उभे राहणेही कठीण झाले होते. शल्यचिकित्सक फेलिक्स मान्डल यांच्या काळी अशा रोगात परावटूचे हार्मोन कमी पडत असावे असे मानले जात असे, म्हणून त्यांनी त्याला आधी परावटू ग्रंथीचा अर्क दिला आणि नंतर दुसऱ्या व्यक्तीची ग्रंथी त्याच्या शरीरात बसवून पाहिली. गुण आला नाही. शेवटी १९२५ साली त्यांनी त्याचा गळा उघडला, तेव्हा परावटूची एक वाढलेली गाठ सापडली आणि ती काढल्यावर रुग्ण चालू लागला. काही वर्षांनी आजार परतला, ही गोष्टही येथे सांगायला हवी. हार्मोन कमी आहे की जास्त, एवढा साधा प्रश्नसुद्धा तेव्हा रक्तावरून सोडवता येत नव्हता. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने हार्मोन मोजण्याची पद्धत शोधली आणि १९६३ साली तीच पद्धत पीटीएचसाठी वापरात आणली. यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

[दृश्य: प्रयोगशाळा. जांभळ्या आणि पिवळ्या झाकणाच्या नळ्या शेजारी ठेवलेल्या.]

आता या नळ्यांकडे परत येऊ. पीटीएच हे ८४ अमिनो आम्लांचे नाजूक हार्मोन आहे. शरीरात सोडल्यावर काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्मे होते आणि नळीत काढलेल्या रक्तातही ते हळूहळू विघटित होत राहते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते आणि त्यात हे हार्मोन अधिक काळ टिकते. हेच ईडीटीए रक्तातले कॅल्शियम मात्र घट्ट धरून ठेवते, त्यामुळे त्या नळीतील रक्तावर कॅल्शियमची तपासणी केली तर आकडा खोटा आणि भलताच कमी येतो. ज्या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या आहेत, त्या एकाच नळीत मोजता येत नाहीत, म्हणून दोन नळ्या भराव्या लागतात. एकाच सकाळी, एकाच वेळी काढलेले हे दोन आकडे असावेत, असा आग्रह रुग्णाने धरावा. कॅल्शियम मागच्या महिन्यातले आणि पीटीएच आजचे, अशी जोडी फारशी उपयोगाची नसते. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरीही कॅल्शियम थोडे वाढलेले दिसू शकते.

[दृश्य: छापील रिपोर्ट. कॅमेरा आकड्यावर स्थिरावतो.]

रिपोर्टवर पीटीएच बहुधा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात लिहिलेले असते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. अनेक प्रयोगशाळा १५ ते ६५ ही मर्यादा सामान्य मानतात. परंतु यंत्र आणि पद्धत बदलली की ही मर्यादाही बदलते, म्हणून आपल्या कागदावर छापलेली मर्यादाच पाहावी आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. काही ठिकाणी एकक पिकोमोल प्रति लिटर असते आणि तिथे हाच ६५ चा आकडा सुमारे ७ असा दिसतो. एकक न पाहता दोन रिपोर्टांची तुलना केल्यामुळे निष्कारण घाबरलेली कुटुंबे डॉक्टरांना वारंवार भेटतात. कॅल्शियमची मर्यादा साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. रक्तातले जवळजवळ निम्मे कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला व इतर घटकांना चिकटलेले असते, म्हणून अल्ब्युमिन कमी असेल तर डॉक्टर हिशेब दुरुस्त करतात. अल्ब्युमिन ४ ऐवजी ३ ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर ८.२ हे कॅल्शियम प्रत्यक्षात सुमारे ९ धरले जाते.

समजा, फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेला दुसऱ्यांदा मुतखडा झाला आहे. कॅल्शियम ११.२ आले आणि पीटीएच ५८. पीटीएचच्या समोर कोणतीही खूण नाही, कारण ५८ हा आकडा मर्यादेत बसतो, आणि घरातील कोणीतरी म्हणते की बाई, हे तर नॉर्मल आहे. पण रक्तात इतके कॅल्शियम असताना निरोगी ग्रंथींनी हार्मोन सोडणे जवळजवळ थांबवायला हवे होते आणि आकडा तळाला गेलेला दिसायला हवा होता. ५८ याचा अर्थ ग्रंथी कॅल्शियमचे ऐकत नाहीत. बहुतेक वेळा एका ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ झालेली असते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो. या संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती निसटते केवळ कागदावर खूण छापलेली नसते म्हणून. निदान पक्के करण्यापूर्वी चोवीस तासांच्या लघवीतले कॅल्शियमही मोजले जाते, कारण एका आनुवंशिक स्थितीत रक्ताचे आकडे असेच दिसतात, पण लघवीत कॅल्शियम फार कमी जाते आणि तिथे शस्त्रक्रियेची गरज नसते. मनोविकारावरील लिथियम किंवा रक्तदाबाची थायझाइड गटातील औषधे चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

कॅल्शियम वाढलेले आणि पीटीएच मात्र अगदी खाली, असे दिसले तर परावटू ग्रंथींचा दोष नाही हे स्पष्ट होते. त्या आपले काम नीट करत आहेत आणि वाढीचे कारण इतरत्र शोधावे लागते. ते ड जीवनसत्त्वाच्या अतिरिक्त मात्रेपासून काही प्रकारच्या कर्करोगांपर्यंत काहीही असू शकते, म्हणून इथे विलंब करू नये.

[दृश्य: समुद्रकिनारा, भर दुपार. त्यानंतर सावलीतले कार्यालय.]

याच्या उलट चित्र कितीतरी अधिक वेळा दिसते. पीटीएच ९० आहे, समोर वाढल्याची खूण आहे, कॅल्शियम मात्र ९. पुष्कळदा याचे कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता हे असते. गोव्यात ऊन मुबलक आहे, पण ज्याचा दिवस कार्यालयात किंवा दुकानात जातो आणि जून ते सप्टेंबर ज्याला सूर्य क्वचितच दिसतो, त्याच्या त्वचेपर्यंत ते ऊन पोहोचत नाही. आतड्यातून कॅल्शियम पुरेसे येत नाही, म्हणून ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि रक्तातला आकडा हाडांच्या साठ्यातून सावरून धरतात. इथे गाठीचा संशय घेऊन घाबरण्यापूर्वी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासायला हवे. बांगडे, तारली आणि नाचणीचे तिझन यांचा आहारात उपयोग आहेच. तरीही रक्तात कमतरता दिसत असेल, तर औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, कारण ज्याचे कॅल्शियम आधीच वाढलेले आहे त्याने स्वतःच्या मनाने या गोळ्या घेणे धोक्याचे असते.

मूत्रपिंडाच्या आजारात मोजमाप आणखी बदलते. काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकाराची चर्चा गोव्यात अनेक वर्षे चालू आहे आणि राज्यातील पुष्कळ कुटुंबांना डायलिसिसचे वेळापत्रक तोंडपाठ आहे. निकामी मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकू शकत नाही आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार करू शकत नाही, त्यामुळे पीटीएच सतत वर राहते. डायलिसिसवरील रुग्णाचे पीटीएच ६५ च्या आत आणण्याचा प्रयत्न केला जात नाही. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट, म्हणजे ६५ ही मर्यादा धरली तर सुमारे १३० ते ५८५ हा पल्ला मार्गदर्शक तत्त्वांत दिलेला आहे, आणि एका आकड्यापेक्षा गेल्या काही महिन्यांत आकडा कोणत्या दिशेने चालला आहे याकडे डॉक्टर अधिक लक्ष देतात. मुलाने वडिलांचा ३०० चा रिपोर्ट हातात घेतला आणि त्यावरची खूण पाहून त्याचा जीव घाबरा झाला, तर त्याला हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.

कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी, अशी जोडी आली, तर बहुधा ग्रंथींची ताकदच गेलेली असते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत परावटू ग्रंथींना इजा झाली किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर असे होते. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातपायांत पेटके येतात. अशा वेळी मॅग्नेशियमही मोजावे लागते, कारण ते फार कमी असेल तर ग्रंथी शाबूत असूनही हार्मोन सोडू शकत नाहीत.

एक खबरदारी वेगळी सांगायला हवी. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते आणि काही यंत्रांच्या पद्धतीत त्यामुळे पीटीएच खोटे कमी दिसते. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी ते प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना सांगावे आणि त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे विचारावे.

[दृश्य: शस्त्रक्रियागृहाचा दिवा. भिंतीवरील घड्याळ.]

फोंड्याच्या त्या शिक्षिकेचे निदान पक्के झाले, स्कॅनमध्ये एक गाठ दिसली आणि शस्त्रक्रिया ठरली असे समजू. ज्या रुग्णालयांत सोय असते, तेथे शल्यचिकित्सक गाठ काढल्यावर लगेच टाके घालत नाहीत. ते दहा मिनिटे थांबतात आणि जांभळ्या झाकणाची आणखी एक नळी भरून घेतात. हार्मोन काही मिनिटांतच निम्मे होते, म्हणून दोषी ग्रंथी खरोखर निघाली असेल तर आकडा आधीच्या निम्म्याहूनही खाली आलेला असतो. आला नसेल, तर दुसरी गाठ शोधली जाते. घरी परतल्यावर पहिले काही दिवस हाडे आपला गेलेला साठा भरून काढत असतात, त्यामुळे कॅल्शियम खाली घसरू शकते आणि बोटांत मुंग्या आल्या तर त्याच दिवशी तपासणी करावी लागते. त्यानंतर सहा महिन्यांनी बाई पुन्हा त्याच बाकावर उपाशीपोटी येऊन बसतात, पट्टा बांधला जातो, जांभळी आणि पिवळी अशा दोन नळ्या भरल्या जातात, आणि त्या दिवशीही कॅल्शियम मर्यादेत आले, तर डॉक्टर त्यांच्या कागदावर रोग बरा झाल्याची नोंद करतात.