खलबत्त्यातली गोळी

(लालबाग. चाळीतलं स्वयंपाकघर, सकाळ.)

हा खलबत्ता एरवी वेलदोड्यांचा. ऑपरेशननंतर काकू त्यात गोळ्या कुटू लागल्या. बायपास झालीये त्यांची. हृदयाची नव्हे, पोटाची; वजन उतरवायला करतात ती. चाळीत अजून कुणीतरी विचारतंच, “छातीत दुखतं का हो?”

(कागदावरचं चित्र.)

ऑपरेशन थिएटरात कॅमेरा नेता आला नाही. म्हणून डॉक्टरांनी बॉलपेननं काढलेलं हे पोट.

वर ही छोटी पिशवी. साधारण 30 मिली. टपरीवरची कटिंगही एका दमात मावायची नाही. बाकीचं जठर जागेवरच आहे, पण अन्नाची वाट आता तिकडून नाही. पिशवीला थेट पुढचं आतडं जोडलंय.

(पेल्यात विरघळणारी गोळी, अगदी जवळून.)

एरवी गोळी जठरातल्या आम्लात घुसळली जाते, फुटते आणि लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात उतरते. तिथं पित्त येऊन मिळतं. बहुतेक औषधं रक्तात जातात ती लहान आतड्यातूनच. काकूंच्या पिशवीत आम्ल नावापुरतं, घुसळण जवळपास नाहीच. ती वीत गाळलेली, तिच्यापुढचाही थोडा तुकडा. पित्त भेटतं ते बरंच खाली. म्हणून प्रत्येक औषध कमीच पडतं असं मात्र नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन बायपासनंतर उलट जास्त शोषलं गेल्याचं आढळलंय.

(दादर. औषधाचं दुकान, पट्ट्यांवरची अक्षरं.)

नावाच्या शेपटाला ही दोन अक्षरं बघा. एसआर. कुठे एक्सएल, कुठे ईआर. म्हणजे औषध तासन्‌तास थोडं थोडं सुटणार. आखूड झालेल्या वाटेत ते पुरतं सुटेलच असं नाही. आणि गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम पोटात! काकूंची रक्तदाबाची गोळी एक्सएल होती. डिस्चार्जच्या कागदावर जुनीच नावं उतरवलेली. खलबत्ता कुणाला दिसणार?

थायरॉईडची गोळी कमी पडू शकते, गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी पिशवी-आतड्याच्या जोडापाशी अल्सर होऊ शकतो.

(काउंटर. संध्याकाळ.)

डॉक्टरांनी एक्सएल बदलून साधी गोळी दिलीये. तरी काकू चिठ्ठी पुढे करण्याआधीच सांगतात, “पोटाची बायपास झालीये, भाऊ. साधीच आहे ना, बघा.”

दुकानदार पट्टी उलटी करतो, चष्मा कपाळावर चढवतो, वाचतो. मागे रांग वाढतेय.