ओहळाचा काठ हिरवा ठेवा

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसा धरणाचा. पण ते पाणी धरणातून थेट नळाला येत नाही. आधी भातसा नदीतून वाहत पिसे बंधाऱ्याला येतं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्धीकरणासाठी जातं. वाटेत शहापूरकडचे कितीतरी ओहळ नदीला मिळतात, आणि ओहळांच्या कडेने भातशेती.

गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका मावशींच्या शेतावर गेलो होतो. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकलेली, युरिया टाकलेला, आणि रात्रभर धो धो पाऊस. सकाळी मावशी मला ओहळाकडे घेऊन गेल्या. शेजारच्या भाऊंनी पार पाण्यापर्यंत खणून भात लावलेला. बांध फुटला होता, लाल पाणी सरळ ओहळात पडत होतं. मावशींच्या बाजूला सासऱ्यांनी राखलेली झाडोऱ्याची पट्टी: बांबू, करंज, निर्गुडी, खाली दाट गवत. तिथून पाणी नुसतं झिरपत होतं. मावशींनी दोन्हीकडचं पाणी दोन तांब्यांत भरून पडवीत ठेवलं. चहा झाल्यावर वरचं पाणी हलकेच ओतून दिलं. भाऊंच्या तांब्यात बोटभर गाळ! मावशींच्या तांब्याचा तळ दिसत होता. "माती गेली की खतपण गेलं. दुकानदार काय परत देतो?" मावशी म्हणाल्या. भाऊ तिथेच उभे होते. म्हणाले, "वहिनी, पुढल्या साली दोन हात काठ सोडतो." "दोन नको, चांगले वीस हात सोडा!"

होतं काय, गवतात पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बहुतेक मातीलाच चिकटलेलं, तेही तिथेच अडतं. विरघळलेलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मुळं शोषतात, त्यातलं काही ओल्या मातीतले जिवाणू वायू करून हवेत सोडतात. मात्र पाणी पट्टीवर पसरून यायला हवं. चर काढून आणलंत, तर पट्टीचा उपयोग नाही. पुन्हा सांगतो, पाणी पसरून यायला हवं.

आपल्या मुंबईत २००५ च्या पुरानंतर मिठीला, दहिसर नदीला भिंती घातल्या. मला ते कधीच पटलं नाही. बेडकाला काठावर चढायलासुद्धा जागा ठेवली नाही आपण.

तर शेतकरी बंधू-भगिनींनो, पहिल्या पावसात काठावर वाळ्याचे ठोंब लावा, मागे निर्गुडीच्या फांद्या खोचा. निर्गुडीला गुरं तोंड लावत नाहीत. वाळ्याला मात्र पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच.