गोट्यांचा किनारा: नीस शहरातला फुकटचा समुद्र

(पहाट. कॅमेरा पाण्याच्या अगदी काठाशी. थोडा वेळ फक्त लाटेचा आवाज.)

आधी हा आवाज ऐका. लाट येते तेव्हा धप्प होतं, आणि ती मागे फिरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवरून घरंगळत खडखडतात. पोत्यातून सुपाऱ्या ओताव्यात तसे. फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्रावरच्या नीस शहरात समुद्र असा वाजतो, कारण इथे पुळण नाही. शहरापुढच्या 'बे देझांज' या उपसागराच्या काठी, विमानतळापासून थेट किल्ल्याच्या टेकडीपर्यंत राखाडी, चपटे, गुळगुळीत गोटेच आहेत. त्यांच्या डोक्यावरून साधारण सात किलोमीटरचा प्रोमनाद देझांग्ले हा हमरस्ता जातो. त्याच्या कठड्याशी ठिकठिकाणी जिने आहेत. जिना उतरलं की किनारा. तिकीट नाही, फाटक नाही.

(रस्त्यावरून खाली दिसणारा किनारा. एका बाजूला ओळीत मांडलेल्या गाद्या आणि छत्र्या, लगेच पलीकडे मोकळे गोटे.)

रस्त्यावरून पाहिलं की नवख्या माणसाचा गोंधळ होतो. एकसारख्या रंगाच्या छत्र्या, गाद्या, लाकडी फळ्यांची वाट असा पट्टा दिसला की तो ठेकेदाराचा. तिथे गादीचं भाडं असतं. त्याला लागून जिथे ज्याचा त्याचा टॉवेल आणि ज्याची त्याची छत्री दिसते, तो भाग सर्वांचा. दोन्ही एकाआड एक येतात, त्यामुळे एका जिन्यावर फसगत झाली तर शंभर-दोनशे पावलं पुढच्या जिन्याकडे जायचं.

ठेका दिला म्हणजे किनारा विकला, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये समुद्राचा काठ सार्वजनिक मालकीचा आहे, आणि ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने त्याचा मोकळा आणि विनामूल्य वापर हेच किनाऱ्याचं मूळ काम ठरवलं. २००६ च्या नियमांनी प्रमाणही घालून दिलं: नैसर्गिक किनाऱ्याचा किमान ८० टक्के आणि कृत्रिम किनाऱ्याचा किमान ५० टक्के भाग ठेक्याबाहेर राहिला पाहिजे. शिवाय ठेक्याच्या जागेतही पाण्यालगतची पट्टी लोकांसाठी मोकळी ठेवावी लागते. म्हणून महागड्या गाद्यांच्या पुढून, पाण्याच्या कडेकडेने, खुशाल चालत जा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

(गोट्यांचा अगदी जवळून शॉट. ओला गोटा, त्यात पांढरी रेघ.)

आता हा गोटा नीट पाहा, कारण नीसच्या किनाऱ्यावर बसणं, उठणं, पाण्यात जाणं आणि बाहेर येणं, सगळं तोच ठरवतो. वाळलेला असताना फिका राखाडी, ओला झाला की निळसर काळा, आणि बऱ्याच गोट्यांतून कॅल्साइट या खनिजाची पांढरी रेघ गेलेली. हा आल्प्सचा दगड. शहराच्या पश्चिमेला समुद्राला मिळणारी वार नदी आणि शहराच्या मधून येणारी पायों नदी, या दोघींनी तो डोंगरातून घासत, लोळवत खाली आणला.

पुढे वार नदीला बांध घालून तिचं पात्र आवळलं गेलं, तिच्या मुखाशी समुद्रात भराव टाकून विमानतळ झाला, आणि पायों शहराखाली झाकली गेली. नवा गोटा येण्याच्या वाटा अशा बुजल्या. लाटा मात्र जुना गोटा ओढून नेतच राहिल्या. म्हणून १९७६ पासून इथे बाहेरून गोटे आणून किनाऱ्यावर ओतले जातात. तुम्ही ज्याच्यावर बसता त्यातला कितीतरी गोटा ट्रकमधून आलेला असतो. खिशात घालून न्यायचा मोह इथेच आवरा: फ्रान्समध्ये किनाऱ्यावरचे गोटे उचलून नेणं बेकायदा आहे आणि दंड १,५०० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

(आडवा शॉट: किनाऱ्याचा उतार, पाण्यात उभा माणूस. तीन पावलं, आणि पाणी कमरेला.)

गोट्यांचा किनारा उभा का असतो? वाळूवर चढलेली लाट बरीचशी तशीच परत वाहते आणि वाळू सोबत ओढत नेते. गोट्यांमधल्या फटींतून मात्र पाणी खाली जिरतं. येताना लाटेत जोर असतो, ती गोटे वर फेकते. परतताना तिच्याकडे पाणीच कमी उरतं, त्यामुळे ते सगळे खाली नेता येत नाहीत. असे थरावर थर चढून काठाशी उंच बांध तयार होतो. हा उतार पाण्याखालीही तसाच चालू राहतो. चार-सहा पावलांत पाणी छातीपर्यंत येतं, आणखी दोन-तीन पावलांत पायाखाली काही नसतं. पोहता न येणाऱ्याने इथे 'थोडं आत जाऊन उभं राहू' असा हिशेब धरू नये. ती थोडी आतली जागाच इथे नाही. लहान मुलांना पाण्यात सोडायचं तर मोठ्या माणसाने मुलापेक्षा समुद्राच्या बाजूला, हाताच्या अंतरावर राहायचं.

याच उतारामुळे लाट दूरवर फुटत फुटत येत नाही. ती सगळा जोर सांभाळून येते आणि काठावरच आपटते. वारा पडलेला असेल तर समुद्र तळ्यासारखा असतो आणि यातलं काहीच जाणवत नाही. पण दक्षिणेचा किंवा पूर्वेचा वारा सुटला की गुडघ्याएवढी लाटसुद्धा धडधाकट माणसाला खाली बसवते. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलोच्या आसपास भरतं, आणि पायाखालचा गोटा त्याच वेळी घसरत असतो.

(संथ गतीत: एक पोहणारी बाई पाण्याबाहेर येते आहे.)

बहुतेकांची फजिती होते ती बाहेर येताना. माणूस काठाशी येतो, पायाला तळ लागतो, तो उभा राहतो, आणि वळून मागे पाहायच्या आत पुढची लाट पोटऱ्यांवर बसते. गुडघे फुटतात, मनगट मुरगळतं, चष्मा जातो.

ही बाई काय करते ते पाहा. काठापासून आठ-दहा मीटरवर ती थांबली आहे, आणि तिची नजर समुद्राकडे आहे. लाटा झुंडीने येतात: दोन-तीन मोठ्या, मग काही लहान. मोठ्या जाऊ दिल्या. आता लहान लाटेच्या पाठीवर ती पोहतच काठाला आली. उभी राहिली नाही. हात आणि गुडघे टेकले. परतणारं पाणी तिला मागे ओढतंय, तेवढा वेळ ती बोटं गोट्यांत रोवून तशीच थांबली. ओढ संपली की रांगत वर, ओल्या रेषेच्या पलीकडे, आणि तिथे गेल्यावर उभी. दिसायला डौलदार नाही, पण इथे रोज पोहणारी म्हातारी माणसं अशीच बाहेर येतात.

आत जाणं त्यामानाने सोपं. लाट फुटून गेली की तिच्या मागोमाग झपझप दोन-तीन पावलं, आणि पाणी मांड्यांना लागलं की आडवं होऊन पोहायला सुरुवात. काठावर घुटमळत उभं राहणं सगळ्यात वाईट. आणि सूर मारणं तर नकोच. काल खोल असलेल्या जागी रातोरात गोट्यांचा ढीग आलेला असू शकतो.

(पिशवीतून एकेक वस्तू बाहेर.)

फुकटच्या किनाऱ्यावर गादीवाला नाही, म्हणून गादीची सोय आपणच करायची. नुसता टॉवेल दहा मिनिटं पुरतो, मग प्रत्येक गोटा बरगडीला कळतो. दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फोमची चटई हवी. ती पसरण्याआधी कंबर आणि खांदे येतील तिथले मोठे गोटे हाताने बाजूला करून उथळ खळगा करा, उशीकडे थोडे रचा. पाच मिनिटांचं काम आहे, दुपार सुखाची जाते.

पायात पाण्यात चालणारे रबरी तळाचे बूट, टाचेला घट्ट बसणारे. बोटात अडकवायची चप्पल पहिल्याच लाटेत निघून जाते. दुपारी कोरडे गोटे इतके तापतात की अनवाणी पाण्यापर्यंतची धाव मुष्किल होते.

छत्रीचा दांडा गोट्यांत टोचता येत नाही, त्यामुळे वाळूवरची युक्ती इथे चालत नाही. हाताने फूटभर खड्डा करायचा, दांडा त्यात उभा धरायचा, आधी मोठे गोटे पाचरीसारखे भोवती ठोकायचे, मग लहान भरायचे, आणि छत्री वारा येतो त्या बाजूला कलती ठेवायची. दुपारी वारा समुद्राकडून येतो. ढिली छत्री मागच्या माणसाच्या अंगावर जाते. रस्त्याच्या उंच भिंतीची सावली मिळेल या आशेवर राहू नका. किनारा दक्षिणमुखी आहे आणि भिंत उत्तरेला, त्यामुळे भर दुपारी तिची सावली तुमच्यापर्यंत येतच नाही.

गोट्याचे उपकारही मोठे आहेत. तो अंगाला चिकटत नाही, जेवणात येत नाही, कॅमेऱ्यात जात नाही. आणि बारीक गाळ ढवळला जात नसल्याने पाणी शांत दिवशी इतकं नितळ असतं की खाली पाहिलं तर आपली सावली तळाशी पोहताना दिसते.

(नकाशा, पश्चिमेकडून पूर्वेकडे.)

कुठे उतरायचं? विमानतळाच्या बाजूला कारास: डोक्यावरून विमानं जातात, पण गर्दी कमी. मधल्या माञां आणि लांवाल भागात लांबच लांब मोकळे पट्टे आहेत. कुटुंबाने जागा घेऊन बसायला हे बरे. आल्बेर प्रमिए बागेसमोरचा सांतनेर मध्यवर्ती. चालता न येणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात कारास आणि सांतनेर इथे पाण्यात तरंगणाऱ्या चाकाच्या खुर्च्या आणि मदतनीस विनामूल्य असतात. चौकशी करायला लाजू नका, ती सोय वापरण्यासाठीच आहे.

पूर्वेच्या टोकाला, जुन्या शहराला लागून, पाँशेत आणि कास्तेल. कास्तेल सगळ्यांचा लाडका, आणि म्हणून उन्हाळ्यात अकरापर्यंत पाण्याजवळची ओळ भरलेली. पण त्याच्या पाठीशी किल्ल्याची टेकडी आहे. भल्या सकाळी तिची सावली किनाऱ्यावर असते, आणि संध्याकाळी सूर्य पश्चिमेला उतरेपर्यंत ऊन मिळतं. जून-जुलैत हे ऊन रात्री नऊपर्यंत टिकतं. आमच्या मते कास्तेलला एकतर सकाळी सातला जावं, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. शेजारच्या वळणाला स्थानिक बोलीत 'रौबा कापेऊ', म्हणजे टोपीचोर म्हणतात. वारा कसा असतो ते नावातच आलं.

बंदराच्या पलीकडे कोको बीच आहे. नावात बीच असलं तरी तिथे नुसते खडक आणि पायऱ्या आहेत, आणि पाणी लगेच खोल होतं. पोहायला पक्के असाल आणि मुखवटा लावून मासे पाहायचे असतील तर यासारखी जागा नाही. खडकांवर समुद्री साळू, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे जीव असतात, बूट काढू नका. आणि वाळूच हवी असेल तर पूर्वेला जाणारी लोकल गाडी धरून व्हिलफ्रांश-सुर-मेरला उतरा. काही मिनिटांचा प्रवास. स्टेशनच्या खालीच मारिनियेर हा जाडसर वाळूचा सार्वजनिक किनारा आहे.

(झेंड्याचा खांब. वाऱ्यावर पिवळा झेंडा.)

जागा ठरवण्याआधी खांबाकडे पाहा. हिरवा झेंडा: जीवरक्षक आहेत, विशेष धोका नाही. पिवळा: जीवरक्षक आहेत, पण धोका आहे, कच्च्या पोहणाऱ्याने काठावरच बसावं. तांबडा: पाण्यात उतरायला मनाई. जांभळा: पाणी दूषित, किंवा पाण्यात घातक जीव. वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधला भाग देखरेखीचा. झेंडाच नसेल तर देखरेखही नाही. नारिंगी वाऱ्याची पिशवी लावलेली असली तर हवेच्या गाद्या आणि टायर पाण्यात नेऊ नका. वारा त्यांना खोल समुद्रात ढकलतो, आणि हातांनी वल्हवून परत येता येत नाही. पिवळे तरंगते गोळे ३०० मीटरवर असतात. त्यांच्या आत बोटींना वेगमर्यादा ५ नॉट (ताशी साधारण नऊ किलोमीटर), बाहेर बोटींचं राज्य.

जोराचा पाऊस झाला की पायोंच्या मुखाशी पाणी गढूळ होतं, कारण शहराचे रस्ते धुऊन आलेलं सगळं तिथे उतरतं. एक-दोन दिवस थांबा. प्रवेशाजवळच्या फलकावर पाण्याच्या तपासणीचा निकाल लावलेला असतो. युरोपीय नियमांनुसार ई-कोलाय आणि एन्टेरोकॉकस हे दोन जिवाणू मोजले जातात.

जांभळट रंगाचा, तळहाताएवढा जेलीफिश दिसला तर तो पेलाजिया. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा; नळाच्या गोड्या पाण्याने त्वचेवर उरलेल्या डंखपेशी फुटतात. इतरत्र कोरडी वाळू लावतात, इथे ती नाही, म्हणून दाढीचा फेस लावायचा आणि प्लास्टिक कार्डाच्या कडेने हलकेच खरवडायचा. चोळू नका. श्वास लागला किंवा चक्कर आली तर ११२. समुद्रात कुणी अडकलं असेल तर थेट १९६.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक इथे लागत नाही. भूमध्याच्या या भागात पाण्याची चढउतार अगदी थोडी. ऑगस्टमध्ये पाणी २४-२५ अंशांपर्यंत जातं, फेब्रुवारीत १३ पर्यंत उतरतं. सिगारेट मात्र वरच ठेवा: २९ जून २०२५ पासून फ्रान्समध्ये पोहण्याच्या हंगामात किनाऱ्यावर धूम्रपानाला बंदी आहे, दंड १३५ युरो.

(संध्याकाळ, कास्तेल. लोक चटया झटकत आहेत.)

निघताना छत्रीसाठी केलेला खड्डा पायाने बुजवा. अंधारात कुणाचा घोटा त्यात जातो. बुटांत अडकलेले बारीक गोटे इथेच काढा. मग वरच्या निळ्या खुर्च्यांवर बसून पाय वाळू द्या. त्या खुर्च्याही फुकटच आहेत.

(कॅमेरा पुन्हा काठाशी. खडखड.)