दंडातलं इम्प्लांट आणि वजन-शुगरचा प्रश्न

नमस्कार मंडळी, आज दंडात बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटबद्दल बोलूया, कारण ते बसवून वर्ष-दोन वर्षं झाली की बायका वजनाचं विचारतात आणि बऱ्याचदा "तुमचं खाणं बघा" एवढंच ऐकून परत येतात, ते मला अजिबात पटत नाही.

आधी वस्तू काय ते सांगते. चार सेंटीमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड अशी मऊ काडी, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली, बोट फिरवलं की लागते. त्यात ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन, सुरुवातीला रोज साठ-सत्तर मायक्रोग्रॅम सुटतं, तिसरं वर्ष संपताना पंचवीस-तीसवर येतं. इस्ट्रोजेन नाहीच, म्हणून नेहमीच्या कॉम्बिनेशन (दोन हॉर्मोन असलेल्या) गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात तसं इथे सहसा होत नाही. कोलेस्टेरॉल थोडंफार हलतं, चांगलं कोलेस्टेरॉलही जरा उतरू शकतं, पण निरोगी बाईला त्याची धास्ती नको.

शुगरचं मात्र नीट ऐका. उपाशीपोटीची शुगर जवळपास तशीच राहते, पण ग्लुकोज पिऊन तपासली तर शुगर आणि इन्सुलिन दोन्ही थोडं वर दिसतं, म्हणजे शरीर इन्सुलिनला किंचित कमी दाद देतं. बहुतेकींचे आकडे नॉर्मलमध्येच राहतात. पण गरोदरपणात शुगर वाढली होती, पीसीओडी आहे किंवा आईवडिलांना डायबेटिस आहे, तर काडी बसवायच्या आधी एकदा शुगर करा आणि नंतरही करत राहा. डायबेटिस आहे म्हणून इम्प्लांट बंदच असं नाही हं, डोळे-किडनी-रक्तवाहिन्या ठीक असतील तर जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की फायदा सहसा जास्त.

आता वजन. अमेरिकेतल्या चाचण्यांत सरासरी वाढ वर्षात सव्वा किलोच्या आसपास, दोन वर्षांत पावणेदोनच्या जवळ, आणि त्यातली इम्प्लांटमुळे किती हे वेगळं काढता आलेलं नाही. वजनामुळे काडी काढून घेणाऱ्या २.३ टक्के. पण सरासरी ही सरासरी असते, एखादीचं सहा किलो वाढलं तर ती खोटं बोलत नाहीये, तिची थायरॉइड, शुगर बघा, आणि तिला काडी काढायची असेल तर अडवू नका.

अजून एक, टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन चालू असेल तर लिव्हर हे हॉर्मोन भराभर संपवतं आणि गर्भ राहू शकतो, तेव्हा गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दंडात काडी आहे हे आधीच सांगा.